चाहता आणि समीक्षक

लोकप्रिय संस्कृतीविषयी आपली समीक्षा बरेच बोलते. परंतु चाहत्याच्या मताला ती मत मानत नाही, लक्षण मानते. विज्ञानकथात्म ध्वनिनाट्ये ऐकणारा, पॉप गीतांच्या क्रमवारीवर वाद घालणारा श्रोता तिच्या लेखी बाजारपेठेने घडविलेला ग्राहक असतो.

ही भूमिका टिकत नाही. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे १९६० च्या दशकातील अनेक भाग खुद्द संस्थेनेच नष्ट केले. हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी मात्र उरला, कारण चाहत्यांनी तो घरी टेपवर उतरवून ठेवला होता. १९९९ मध्ये बिग फिनिशने या मालिकेची अधिकृत ध्वनिनाट्ये सुरू केली; तिच्या प्रमुख कर्त्यांपैकी काहीजण १९८० च्या दशकात हौसेने अशीच नाट्ये करणारे चाहते होते. याला निव्वळ उपभोग कसे म्हणावे?

याच मालिकेच्या शीर्षकसंगीतावर बेतलेले ‘डॉक्टरिन द टार्डिस’ १९८८ मध्ये ब्रिटनच्या क्रमवारीत पहिले आले. पुढे त्याच्या कर्त्यांनी पहिला क्रमांक कसा मिळवावा याचे पुस्तकच लिहिले. क्रमवारी खप मोजते, मूल्य नव्हे, हे चाहत्याला सिद्धान्तावाचून ठाऊक असते. आवडत्या गीताचा क्रमांक घसरला म्हणून त्याचे मत बदलत नाही.

चाहत्याचे प्रेम त्याला पुष्कळदा आंधळे करते, हे मान्य. तरीही तो पुनःपुन्हा ऐकतो, तुलना करतो, डावे-उजवे ठरवतो आणि त्याची कारणे देतो. मूल्यनिर्णय टाळणाऱ्या समीक्षेने, तो करणाऱ्याला निदान रुग्ण तरी ठरवू नये.