विश्लेषण : झोपेत छातीवर कोण बसते? ‘बाहेरचे’ नव्हे, अर्धवट जागा झालेला मेंदू!

पहाटे अचानक जाग येते. घरातले सगळे दिसते, शेजारी झोपलेल्याचे घोरणे ऐकू येते. पण हात हलत नाही, हाक मारावी तर आवाज फुटत नाही. छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटते. मिनिटभरात सगळे नाहीसे होते आणि भीती तेवढी उरते. मराठवाड्यात यावर ‘बाहेरचे झाले’, ‘लागीर झाले’, ‘करणी केली’ अशी उत्तरे तयार असतात. वैद्यकशास्त्र याला ‘स्लीप पॅरालिसिस’ म्हणते. हिंगोली आणि वाशीम या दोन जिल्हा रुग्णालयांच्या मधल्या रस्त्यावर असलेल्या कनेरगाव नाक्यासारख्या गावात हा फरक कळणे पैशांच्या आणि प्रसंगी जिवाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

स्लीप पॅरालिसिस म्हणजे नेमके काय?

रात्रीची झोप एकसारखी नसते. साधारण ९० मिनिटांचे एक चक्र असते आणि अशी चार-पाच चक्रे रात्रभर चालतात. प्रत्येक चक्रात ‘रेम’ नावाचा टप्पा येतो. त्यात बंद पापण्यांखाली बुबुळे भराभर फिरतात आणि सर्वात ठसठशीत स्वप्ने याच वेळी पडतात. शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये हा टप्पा जगासमोर आणला.

स्वप्नात माणूस धावतो, भांडतो; पण अंथरुणात तसे करत नाही. कारण या टप्प्यात मेंदू हातापायांच्या स्नायूंना जाणारे आदेश रोखून धरतो. एरवी जाग येते तेव्हा ही अटक आपोआप सुटते. कधी मात्र जाणीव आधी जागी होते आणि स्नायूंची अटक काही सेकंद ते एक-दोन मिनिटे मागे राहते. स्लीप पॅरालिसिस म्हणजे हीच मधली अवस्था. यात ना स्नायूंना इजा होते, ना मेंदूला.

मग छातीवर दाब आणि खोलीत ‘कोणीतरी’ का?

रेम झोपेत श्वास मुख्यतः श्वासपटलावर चालतो. छातीचे इतर स्नायू ढिले असतात. झोपलेल्याला ते जाणवत नाही. जागा झालेला माणूस घाबरून मुद्दाम खोल श्वास घ्यायला जातो, तेव्हा छाती साथ देत नाही आणि कोणीतरी दाबते आहे असे वाटते. प्रत्यक्षात श्वास चालूच असतो.

‘कोणीतरी’ येते ते स्वप्नाच्या शिल्लक तुकड्यातून. डोळे उघडे असले तरी स्वप्नयंत्रणा पूर्ण थांबलेली नसते. त्यात मेंदूतील भीतीचे केंद्र सावध झालेले असते. मग दारामागचा टांगलेला शर्टही माणूस वाटतो. जगभरातील अनुभव तीन प्रकारचे दिसतात : खोलीत कोणी असल्याची जाणीव, छातीवरचा दाब आणि शरीर तरंगल्याचा भास. चेहरा मात्र प्रत्येक समाज आपापला देतो. कॅनडातील न्यूफाउंडलंडमध्ये ती म्हातारी चेटकीण असते, इजिप्तमध्ये जिन आणि आपल्याकडे मुंजा किंवा हडळ. अनुभव एकच, नावे तेवढी वेगळी.

झोप लागता लागता दचकणे, आवाज येणे हेही तेच का?

ही त्याच उंबरठ्यावरची, पण वेगळी भावंडे आहेत. डोळा लागताच खड्ड्यात पडल्यासारखे होऊन अंगाला झटका बसतो, तो बहुतेकांनी कधी ना कधी अनुभवलेला असतो. काहींना हाक ऐकू येते, चेहरे दिसतात. काहींना डोक्यात फटाका फुटल्यासारखा मोठा आवाज येतो. दुखत मात्र काहीच नाही. थकवा, उशिरा घेतलेला चहा आणि ताण यांनी असे झटके वाढतात.

हिंगोलीत या भासांना आणखी एक संदर्भ आहे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास आणि १० जुलै २०२४ रोजी सव्वासातच्या सुमारास ४.५ तीव्रतेचे भूकंप येथे झाले. त्यामुळे अर्धवट झोपेत खाट हलल्यासारखी वाटली की भूकंप आठवणे साहजिक आहे. भूकंपाने शेजारीही बाहेर येतात. झोपेतला झटका ज्याचा त्यालाच जाणवतो.

हे किती जणांना आणि कोणाला होते?

ब्रायन शार्पलेस आणि जॅक्स बार्बर यांनी २०११ मध्ये ३५ अभ्यासांतील ३६ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. सर्वसाधारण लोकांपैकी ७.६ टक्के जणांना आयुष्यात किमान एकदा हा अनुभव आला होता. विद्यार्थ्यांत हे प्रमाण २८.३ टक्के, तर मानसोपचार घेणाऱ्यांत ३१.९ टक्के होते. तुटक झोप, बदलत्या पाळ्या, ताण आणि उताणे झोपणे यांच्याशी त्याचा संबंध आढळतो.

आता कनेरगाव नाक्याचा विचार करा. गाव अकोला–नांदेड राष्ट्रीय महामार्गावर. रात्रीही ट्रक चालू. परिसर शेतीचा. रब्बीत कृषिपंपाची लाइन रात्री असली की गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकरी मध्यरात्री उठतो, पहाटे अंथरुणाला पाठ टेकतो आणि दिवस उजाडताच पुन्हा कामाला लागतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले रात्री मोबाइलवर आणि पहाटे मैदानावर असतात. झोप अशी तुकड्यातुकड्यांत मिळाली, की रेमचे वेळापत्रक कोलमडते. दिवसा वीज देण्यासाठी राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. रात्रीच्या पाण्याची चर्चा थंडी आणि सापांपुरती होते. झोपही त्यात धरायला हवी. ती शेतकऱ्याच्या आरोग्याचा भाग आहे.

मांत्रिकाकडे गेल्यावर ‘गुण’ कसा येतो?

कारण हा प्रकार आपोआपच थांबतो. प्रत्येक झटका मिनिटभरात सुटतो आणि अनेकांना तो वर्षातून एखाद-दोनदाच येतो. मधल्या काळात अंगारा लावला, उतारा टाकला, तर श्रेय त्याला मिळते. पुन्हा झाले, तर ‘बाधा मोठी आहे’ म्हणून रक्कम वाढते. दोन्हीकडून मांत्रिक जिंकतो.

‘अंगारा लावल्याने मनाला धीर येत असेल तर बिघडले काय’ हा युक्तिवाद नेहमी केला जातो. धीर मिळतो, हे खरे. पण त्याबरोबर ‘तुझ्यावर कोणीतरी आहे’ ही समजूतही पक्की होते. बलांद जलाल आणि डेव्हन हिंटन यांनी इजिप्त आणि डेन्मार्कमधील लोकांची तुलना केली, तेव्हा इजिप्तमधील लोकांना या अवस्थेत भीती जास्त वाटत होती आणि ती अवस्था अधिक लांबल्याचे ते सांगत होते. भुताची धास्ती घेऊन झोपणारा नीट झोपत नाही आणि नीट न झोपणाऱ्याला पुन्हा तेच होते. शिवाय ‘करणी केली’ म्हटले की कोणी केली हा प्रश्न येतो आणि बोट भावकीतल्या किंवा शेजारच्या एखाद्या एकट्या बाईकडे वळते.

खरा धोका कधी समजावा?

जिवाचा प्रश्न इथे येतो. स्लीप पॅरालिसिस दोन-चार मिनिटांत पूर्ण सुटतो. सुटला नाही, तर तो स्लीप पॅरालिसिस नव्हे.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही अनेकदा दिसत नाही. नंतर पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटतात, गिळता-बोलता येत नाही आणि हळूहळू श्वासाचे स्नायू निकामी होतात. असा माणूस पहाटे ‘काहीतरी झाले’ म्हणत उठला आणि घरच्यांनी त्याला मांत्रिकाकडे नेले, तर तो तासाभराचा उशीर जीव घेऊ शकतो. सर्पविषावरील लस आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर हाच उपाय आहे. पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचून झोपणे हा साधा बचाव.

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एकच हात किंवा पाय लुळा पडणे, जीभ जड होणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. या दोन्ही प्रसंगी १०८ क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालय गाठावे. दिवसा काम करताना अनावर झोप येणे किंवा खळखळून हसताना गुडघे लुळे पडणे, असे वारंवार होत असेल तर नार्कोलेप्सी या आजाराची तपासणी हवी. जोरात घोरताना श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

कायदा काय म्हणतो?

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा त्यानुसार गुन्हा आहे. साप किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हाच. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि दंड पाच ते ५० हजार रुपये. पण हा कायदा गुन्हा घडल्यावर कामी येतो. त्याआधी, घाबरलेला माणूस सकाळी कोणाकडे जातो यावर सगळे ठरते.

त्या क्षणी आणि त्यानंतर काय करावे?

सगळे शरीर एकदम हलवण्याची धडपड करू नये. त्याने भीती वाढते. ‘हे झोपेतले आहे, सुटणार आहे’ असे मनात म्हणावे, श्वास जसा चालला आहे तसा चालू द्यावा आणि पायाचे एक बोट किंवा जीभ हलवण्याचा प्रयत्न करावा. घरच्यांनी स्पर्श करून, नाव घेऊन हाक मारली तरी अनेकदा अटक सुटते. पुढे झोपण्या-उठण्याची वेळ शक्य तितकी ठरलेली ठेवावी, कुशीवर झोपावे, संध्याकाळनंतर चहा टाळावा.

भीती जात नसेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते. हिंगोली आणि वाशीम दोन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तरी पहिली भेट होते ती आशाताईंशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात. छातीवर दाब येतो म्हणणाऱ्याचा ईसीजी काढून ‘काही नाही, घरी जा’ म्हटले, तर तो तिथून मांत्रिकाकडेच जाणार. त्याला ‘रात्री किती तास झोपता?’ हा एक प्रश्न विचारायला आणि झोपेत काय घडते ते समजावून सांगायला पाच मिनिटे पुरतात. आरोग्य यंत्रणेने तेवढी पाच मिनिटे द्यायलाच हवीत.