काय ठेवले आहे पवनीत?

माझा पुतण्या आयर्लंडात नोकरीला असतो. मागच्या दिवाळीत तो भिवापूरला आला आणि चार दिवस आम्हांला किल्केनी नावाच्या गावाचे कौतुक ऐकवत राहिला. शनिवार-रविवारची सुटी, डब्लिनहून आगगाडी, आणि मग दोन दिवस नुसती पायपीट. नोअर नदी, काठावरचा किल्ला, बोळकांडीतली जुनी दगडी घरे. तो किल्ला त्याच्या मालकाने 1967 साली अवघ्या 50 पौंडांत गावाच्या स्वाधीन केला, हे सांगताना तर त्याचा कंठ दाटून आला. मलाही ऐकून बरे वाटले. म्हटले, "उद्या पवनीला जाऊ. जवळच तर आहे."

"काकाजी, पवनीत काय ठेवलं आहे?"

वाचकहो, हा लेख त्या प्रश्नाच्या रागातून लिहिला आहे.

पवनीत वैनगंगा आहे, घाट आहेत, किल्ल्याचा दगडी दरवाजा आहे, आणि देवळे तर मोजता मोजता थकावे इतकी आहेत. तिथल्या जगन्नाथ टेकडीत 1969-70 साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी उत्खनन केले, तेव्हा सुमारे 40 मीटर व्यासाचा बौद्ध स्तूप निघाला. सांचीचा मोठा स्तूप याहून थोडा लहानच भरतो! ज्यांनी त्या स्तूपाला खांब दिले, त्यांची नावे ब्राह्मी लिपीत त्या खांबांवर कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची आपल्या शेजारची माणसे ती. आणि आपण विचारतो, काय ठेवले आहे?

नागपूरची मंडळीही याच चालीची. सुटी लागली की मोटारी भिवापूरवरून धुरळा उडवीत कऱ्हांडल्याच्या अभयारण्याकडे. 'जय' वाघ होता तोवर तर विचारू नका; 2016 साली तो नाहीसा झाला, मोटारी मात्र थांबल्या नाहीत. वाघ दिसला तर फोटो, नाही दिसला तर गोसेखुर्दच्या पाण्यापुढे फोटो, की परत. वाटेतल्या गावात उतरून कोणी पावशेर भिवापुरी मिरचीदेखील घेत नाही. पूर्वी नागभीडची छोटी गाडी होती. ती इतकी सावकाश चाले की इच्छा नसली तरी गावे दिसत! रुंदीकरणासाठी 2019 साली तीही बंद झाली.

यावर ठरलेले उत्तर येते : इकडे धड पाटी नाही, बसायला बाक नाही. खरे आहे. पण किल्केनीत हाच पुतण्या दोन्ही दिवस पावसात भिजला होता, आणि तेही त्याने कौतुकानेच सांगितले! परक्या गावचा चिखल गोड लागतो, आपल्या गावची धूळ तेवढी खुपते.

हे सारे त्याला ऐकवायला मी तोंड उघडले, आणि एकदम आठवले. तो आठ-दहा वर्षांचा असताना आम्ही एस.टी.ने भंडाऱ्याला निघालो होतो. पवनीला गाडी थांबली. खिडकीतून त्याला किल्ल्याची भिंत दिसली. "काकाजी, उतरू या ना!" मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "बस खाली. काही नाही तिथं."

यंदा तो भाऊबीजेला येतो आहे. मोटार दरवाज्याबाहेरच ठेवायची, असे मी त्याला आधीच कळवले आहे. वैजेश्वराच्या घाटापर्यंत पायी जायचे. माझे गुडघे दुखतात, म्हणून जरा सावकाश.