नोंदणीचा आकडा आणि शेवटच्या शेताचे पाणी

संस्थेची नोंदणी झाली की व्यवस्था बदलली, असे मानण्याची शासनयंत्रणेला सवय आहे. कागद मोजणे सोपे. सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली, हे मोजणे अवघड.

नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाने याचा निकष घालून दिला आहे. बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने नव्वदच्या दशकारंभी ओझर येथे, कालव्याच्या शेवटच्या टोकाला, तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. पाणी क्षेत्रावर नव्हे, घनमापाने मिळू लागले. पीक कोणते घ्यावे, हे शेतकरी ठरवू लागला. २००५ साली राज्याने तसा कायदाही केला. मात्र कायदा झाला म्हणजे वाघाड सर्वत्र घडले, असे नव्हे.

खऱ्या कसोट्या तीन. टंचाईच्या वर्षी शेवटच्या चारीला पाणी पोहोचते काय? गोळा झालेल्या पाणीपट्टीतून चाऱ्यांची दुरुस्ती होते काय? शीर्ष, मध्य व पुच्छ भागांचे प्रतिनिधी आवर्तनाचा निर्णय घेतात, की केवळ सह्या करतात? यांची बदलापूर्वीच्या स्थितीशी तुलना केल्याखेरीज यशाचा दावा पोकळ ठरतो.

चौथा प्रश्न समाजवाद्यांनीच विचारावयाचा आहे. सभासदत्व जमीनधारकाला मिळते. त्याच शेतात राबणाऱ्या भूमिहीनाच्या पदरी काय पडले? कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याची पाहणी करावी, आणि ती कालव्याच्या शेवटच्या टोकापासून सुरू करावी.