कोळ्याची वाढ आणि पाळणाऱ्याची घाई

"सर, पहिल्यांदाच पाळायचा असेल, तर लवकर वाढणारा टॅरंटुला कोणता घ्यावा?" हा प्रश्न बीडमध्ये एका विद्यार्थ्याने मला गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस विचारला. दहा वर्षांपूर्वी असा प्रश्न कोणी केला असता, तर मी तो थट्टेवारी नेला असता. कुत्रा, मांजर, पोपट, फार तर काचेच्या पेटीतील मासे, एवढीच आपल्या मध्यमवर्गीय घरांतील पाळीव प्राण्यांची यादी. कोळी दिसला की झाडू शोधावयाचा, ही आपली रीत. परंतु मुलगा गंभीर होता. कोणा विक्रेत्याने त्याला मोबाइलवर पिलांची छायाचित्रे पाठविली होती आणि उडदाच्या डाळीएवढे पिलू कुरिअरने घरपोच देण्याची तयारी दाखविली होती. किंमतही विद्यार्थ्याच्या खिशाला झेपेल अशीच होती.

या मुलाला वेड लागले आहे असे मला वाटत नाही. मराठवाड्याच्या माळावर वाढलेल्या मुलाला कोळ्याचे कुतूहल वाटावे, हे स्वाभाविकच आहे. बोरी-बाभळीच्या काट्यांत मळकट चिंधीच्या गठड्यासारखी जाळी लटकलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या एकेका गठड्यात सामाजिक कोळ्यांचे सबंध कुटुंब एकत्र राहते, शिकारही एकत्र करते. हे ज्याने एकदा थांबून पाहिले, त्याला पुढे मोठा कोळी जवळून पाहावासा वाटला तर नवल नाही. माझा आक्षेप आहे तो प्रश्नातील 'लवकर वाढणारा' या दोन शब्दांवर.

कोळी वाढतो म्हणजे काय होते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. त्याचे कवच ताणले जात नाही. आत नवे कवच तयार झाले की जुने फेकून द्यावे लागते, म्हणजेच कात टाकावी लागते. त्या आधी तो खाणे सोडतो, मग बहुधा उताणा पडून तासन् तास निश्चल राहतो. नवशिक्या पाळणाऱ्याला वाटते, कोळी मेला! अशा वेळी त्याला हलवून पाहणारे आणि उचलून केरात टाकणारेही महाभाग आहेत. त्याच पेटीत जिवंत रातकिडा सोडून ठेवला असेल, तर नव्या मऊ कवचाचा हा प्रचंड शिकारी त्या किड्याकडूनच जखमी होऊ शकतो. पिलू थोड्याथोड्या अवधीने कात टाकते. पूर्ण वाढलेली मादी वर्षाकाठी एखाद वेळ, कधी त्याहूनही क्वचित. ही गती जातीवर अवलंबून असते, तशीच उष्णतेवर आणि खाण्यावरही. म्हणजे विक्रेता जी 'वाढ' विकतो, तिच्यातील बराच भाग पाळणाराच घडवीत असतो.

आणि येथेच एक गोष्ट अशी आहे, की जी विक्रेता सांगत नाही. पिलू घेताना ते नर की मादी हे सहसा कळत नाही. ब्राझीलमधील लासिओडोरा पाराहिबाना ही जात घ्या. लवकर वाढणाऱ्यांत तिचे नाव हटकून निघते. वर्ष-दीड वर्षात तळहात व्यापील एवढी ती होते, आणि पुढे पायांसह वीस सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही मोठी. परंतु हाती आलेले पिलू नर निघाले, तर ते लवकर प्रौढ होते, शेवटची कात टाकते आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत, फार तर वर्षभराने, मरते. मादी मात्र दहा-पंधरा वर्षे जगते. म्हणजे वाढीची घाई करणारा मनुष्य निम्म्या वेळा अंत्यविधीचीच घाई करीत असतो. उलट मेक्सिकोतील तांबड्या गुडघ्यांची ब्रॅकीपेल्मा प्रौढ व्हायला कित्येक वर्षे घेते आणि तिची मादी वीस वर्षांहून अधिक जगू शकते. टॅरंटुलाच्या दूरच्या नात्यातील, बिळाला झाकण करून राहणारी एक मादी पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ साली सुरू केलेल्या पाहणीत सोळा क्रमांकाने नोंदली गेली. ती २०१६ साली मरण पावली तेव्हा ४३ वर्षांची होती. एका प्राध्यापिकेची जवळजवळ सारी कारकीर्द त्या एका बिळाच्या सोबतीने गेली!

"मग आपल्याकडचाच का नको?" असेही त्या मुलाने विचारले. स्वदेशीचा हा मुद्दा ऐकायला गोड आहे. भारत आणि श्रीलंका येथील झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पोसिलोथेरिया वंशाच्या जाती खरोखरच झपाट्याने वाढतात आणि दिसायलाही देखण्या असतात. तथापि नवशिक्यासाठी याहून वाईट निवड नसेल. अमेरिकेकडील पुष्कळशा टॅरंटुलांजवळ उदरावरचे केस झाडून उडविण्याचे शस्त्र असते. ते खाजकुइलीसारखे झोंबतात आणि डोळ्यांत गेले तर डॉक्टरांकडे जावे लागते. पण त्यांचा दंश सहसा सौम्य असतो. पोसिलोथेरियाला ते केस नाहीत. ती विजेसारखी पळते आणि चावते. तिच्या दंशाने मृत्यू झाल्याची खात्रीशीर नोंद नाही. परंतु तीव्र वेदना आणि स्नायूंचे पेटके येतात, ते काही वेळा दिवसेंदिवस पुरतात. ज्या घरात लहान भावंडे एकाच खोलीत निजतात, तेथे हा पाहुणा नको.

याच वंशातील निळ्या कोळ्याची कथा तर लज्जास्पदच आहे. आंध्रातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून पोकॉक या शास्त्रज्ञाने १८९९ साली त्याचे वर्णन केले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तो कोणाला दिसला नाही. २००१ साली नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात तो पुन्हा आढळला, आणि थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेतील शौकिनांच्या पेट्यांत त्याची पिले वाढू लागली. २००८ साली जागतिक यादीत तो 'अतिशय संकटग्रस्त' ठरला. तोडलेल्या जंगलाचा आणि पाळणाऱ्यांच्या हौसेचा मारा एकाच वेळी एका लहानशा टापूवर झाला. आपण भारतीयांनी आता त्यात भर घालावी काय?

उलट दिशेचा व्यापारही आहे. २०२१ च्या जुलैत चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून तमिळनाडूतील एका पत्त्यावर आलेले टपाल-पार्सल उघडले, तेव्हा कापूस व चंदेरी वर्खात गुंडाळलेल्या लहान कुप्यांतून १०७ जिवंत कोळी निघाले. त्यांत ब्रॅकीपेल्मा वंशाचेही होते. आयातीचे कागदपत्र नव्हते. पार्सल परत पाठविण्यासाठी टपाल खात्याच्या हवाली झाले. बीडच्या विद्यार्थ्याला घरपोच मिळणारे पिलू अशाच एखाद्या कुपीतून आलेल्या मादीचे नसेलच, याची हमी कोण देणार?

कायदा या बाबतीत आता मुका राहिलेला नाही. ब्रॅकीपेल्मा वंश आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'सायटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात फार पूर्वीपासून आहे. पोसिलोथेरिया वंश २०१९ साली तेथे आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि या करारातील प्राण्यांसाठी चौथी अनुसूची निर्माण झाली. त्यांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे. २०२४ च्या नियमांनी त्यासाठी 'परिवेश' या शासकीय संकेतस्थळाची वाट ठरवून दिली आहे. लासिओडोरासारख्या जाती या यादीत नाहीत हे खरे. पण म्हणून त्यांच्या आयातीला परवाना लागत नाही असे नव्हे. कारकुनी करणाऱ्या माझ्या वाचकांना कागदाचे महत्त्व मी काय सांगावे!

आता जरा आपल्या जिल्ह्याकडे वळू. पुस्तकांत लिहिलेले असते की कोळ्याला कीटक द्या. बीडमध्ये कीटक कोठून आणावयाचे? शेतातून म्हणावे तर कापसावर फवारण्या चालू असतात. त्या रानातला नाकतोडा म्हणजे विषाची पुडीच. घरातील झुरळ म्हणावे तर शेजारणीने कालच औषध मारलेले असते. म्हणजे खाद्याचे कीटकही घरी वाढवावे लागणार, आणि कोळी सहन करणारी आई झुरळांचा डबा सहन करीलच असे नाही. शिवाय वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पंचविशीच्या आसपासच्या उबेत सुखाने राहणारा हा जीव पत्र्याखालच्या खोलीत भाजून निघेल. माठाशेजारच्या गार फरशीवर पेटी ठेवता येईल. पण हा विचार खरेदीच्या आधी झाला पाहिजे. जास्त खाऊ घालून वाढ साधू पाहणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे, की जमिनीवर राहणाऱ्या जातीचे उदर टम्म फुगले असता हातभर उंचीवरून पडूनही ते फुटते. म्हणून त्याला हातावर घेऊन मिरविणे नकोच.

मी त्या विद्यार्थ्याला सांगितले ते असे: पाळायचाच असेल, तर मध्य अमेरिकेतील कुरळ्या केसांची, पूर्वी ब्रॅकीपेल्मात गणली जाणारी जात पाहा. ती मध्यम गतीने वाढते, स्वभावाने शांत आहे आणि चुका पोटात घालते. पिलाऐवजी ओळख पटलेली लहान मादी घे, मग ती महाग पडली तरी चालेल. परंतु त्याआधी विक्रेत्याकडे पिलांच्या जन्माचा आणि नोंदणीचा कागद माग. तो मिळाला नाही, तर घेऊ नकोस.

त्याने कागद मागितला. विक्रेत्याने उत्तर देणे बंद केले.

मुलगा हिरमुसला खरा. पण पावसाळ्यात वसतिगृहाच्या कुंपणावर त्याला इंग्रजी एक्ससारखी पांढरी नक्षी जाळ्यात विणणारी एक कोळीण सापडली. ही जात आपल्याकडे सर्वत्र आहे, आणि एका हंगामातच वाढून, अंडी घालून संपते. लवकर वाढणारीच म्हणायची! तो रोज संध्याकाळी पट्टी लावून तिची लांबी वहीत टिपतो. पोळ्यापासून आजवर पाने भरली आहेत. परवा तो वही घेऊन धावत आला. दोन दिवस झाले, जाळ्यात माशी अडकली तरी ती जागची हलत नव्हती. कात टाकणार असेल काय, असे त्याने विचारले. मी म्हटले, चल, पाहू.