हप्त्यांवरचे तारुण्य

मुलगा मोठा झाला हे कशावरून ओळखावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजात एके काळी ठरलेले होते. पहिला पगार देवापुढे ठेवून त्याने तो आईच्या हाती दिला, धाकट्या भावंडाच्या फीचा भार उचलला, की मुलगा कर्ता झाला असे वडीलधारी मंडळी समजत. अलीकडे इंदूर येथे एका जुन्या स्नेह्यांकडे चार दिवस राहण्याचा योग आला असता, त्यांच्या सव्वीस वर्षांच्या चिरंजीवांनी या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते आमच्या मनातून जात नाही. "काका, माझा पहिला हप्ता सुरू झाला, त्या दिवशी मी मोठा झालो," असे तो हसत म्हणाला. त्या हसण्यामागील थकवा मात्र लपला नाही.

दूरच्या माळव्यातील एका तरुणाच्या हप्त्यांशी आपला काय संबंध, असे गोमंतकातील वाचकास वाटेल. संबंध आहे. इंदूर ही होळकरांची नगरी. रामबाग, लोकमान्यनगर यांसारख्या वस्त्यांतून आजही मराठी कानी पडते. महाराष्ट्र साहित्य सभेसारखी संस्था तेथे मराठीचा दिवा तेवत ठेवून आहे. तेथील मराठी घरात वाढलेला मुलगा आणि म्हापशात किंवा फोंड्यात वाढलेला मुलगा यांच्या हातांत आज एकच यंत्र आहे, आणि त्या यंत्रातून दोघांनाही एकच बाजार हाका मारीत आहे.

बाजाराशी आमचे वैर नाही. इंदूर वाढले तेच मुळी व्यापारावर. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या आणि रात्री त्याच पेढ्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू व जिलबी, असा दुहेरी संसार करणारा तेथील सराफा देशभर प्रसिद्ध आहे. परंतु विकणाऱ्या हातांबरोबर घडविणारे हातही त्या शहरात होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि हजारो कुटुंबांची चूल त्यांवर पेटू लागली. आमच्या स्नेह्यांचे वडील अशाच एका गिरणीत मागावर काम करीत. आपल्या हातून किती वार कापड निघाले, हे ते अखेरपर्यंत अभिमानाने सांगत.

पुढे या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, आणि तिच्या कामगारांची थकलेली देणी, सुमारे २२४ कोटी रुपये, मार्गी लागण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. बत्तीस वर्षांच्या या प्रतीक्षेत कित्येक कामगार निवर्तले. शहर मात्र थांबले नाही. १९९६ साली तेथे भारतीय व्यवस्थापन संस्था आली, २००९ साली आयआयटी आली. भंवरकुवा परिसर स्पर्धापरीक्षांच्या शिकवण्यांनी गजबजला. महात्मा गांधींच्याच नावाच्या रस्त्यावर 'ट्रेझर आयलंड' हा भव्य मॉल उभा राहिला. आजोबांची ओळख ते काय विणतात यावरून होत असे. नातवाची ओळख तो काय वापरतो यावरून होऊ लागली.

या तरुणाच्या बालपणीची एक आठवण त्याच्याच तोंडून ऐकली. वडिलांनी सर्वांना तो मॉल दाखवावयास नेले होते, तो केवळ सरकता जिना पाहण्यासाठी. जिन्याने दोनदा वरखाली करून, एक आइस्क्रीम दोघा भावंडांत वाटून, मंडळी घरी परतली. ती सहल त्याला वीस वर्षांनंतरही तपशीलवार आठवते. आता तो दर रविवारी मित्रांसह अशाच ठिकाणी जातो. परंतु मागच्या महिन्यात तेथे काय घेतले, हे त्याला सांगता आले नाही. शिकवणीची दोन वर्षे, मग विजयनगरातील एका कंपनीच्या कचेरीत नोकरी, मग मोबाइलचा हप्ता, मोटारसायकलचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाची उरलेली बाकी, असा त्याच्या तारुण्याचा ताळेबंद आहे. पगार महिन्याच्या पहिल्या तारखेस येतो आणि पाच तारखेपर्यंत त्यातील निम्म्याहून अधिक आपोआप वळता होतो. "मी कमावतो, पण पैसा माझ्या हाताला लागतच नाही," हे त्याचे शब्द.

इंदूरने २०१७ साली देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मान मिळविला आणि पुढे वर्षानुवर्षे तो टिकविला. ही साधी कामगिरी नव्हे. रोज सकाळी गाणे वाजवीत गाडी दारी येते, प्रत्येक घर ओला, सुका व इतर कचरा वेगवेगळा करून देते, आणि ओल्या कचऱ्यापासून वायू निर्माण करणारा, दिवसाला ५५० टन क्षमतेचा प्रकल्प २०२२ पासून तेथे चालू आहे. गोमंतकाने याचा धडा अवश्य घ्यावा. परंतु त्या घरी सकाळी डबे घेऊन जिना उतरणारी गृहिणी सहज बोलून गेली की, आमच्याकडे आता पाहुण्यांपेक्षा खोकीच अधिक येतात. कचरा कोठे टाकावा हे शहराने नागरिकांस उत्तम शिकविले. तो मुळात इतका का निर्माण होतो, हा प्रश्न कोणत्याही महापालिकेच्या अधिकारात येत नाही. तो प्रत्येक घराला स्वतःलाच विचारावा लागेल.

याच इंदूरमध्ये विष्णु चिंचाळकर हे मराठी चित्रकार राहत. सर्व शहर त्यांना 'गुरुजी' म्हणे. वाळलेली पाने, काटक्या, मोडक्यातोडक्या वस्तू यांतून ते पक्षी, माणसे आणि देवदेवता उभ्या करीत. टाकलेल्या वस्तूकडेही पुन्हा एकदा पाहावे, एवढीच दृष्टी त्यांनी मुलांना दिली. आज नवी वस्तूदेखील धड पाहून होण्यापूर्वीच जुनी ठरते आणि तिचा शेवटचा हप्ता फिटण्याआधी तिची पुढील आवृत्ती बाजारात येते.

ऋण काढून सण करू नये, असे आपले पूर्वज सांगत. त्यांच्या घरी खरेदी प्रतीक्षेच्या अंती होई. घरातील आजी वर्षभर भिशीत पैसे टाकी आणि दसऱ्याला सराफ्यातून एखादी अंगठी आणी. वस्तू हाती येई तेव्हा ती पूर्णपणे तिची असे. आता वस्तू आधी येते आणि तिची किंमत मागाहून आयुष्यातून कापली जाते. शिवाय पूर्वी बाजाराला वेळ होती. इंदूरच्या बीआरटीएस मार्गावरील दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा २०२२ साली देण्यात आली आणि तक्रारी वाढताच २०२४ साली ती मागे घेण्यात आली. पण उशाशी ठेवलेल्या मोबाइलमधील दुकान कोणत्या आदेशाने बंद करणार?

यासाठी एकट्या तरुणांना दोष देणे म्हणजे सोयीस्कर अन्याय होय. मुलगा काय शिकला यापेक्षा त्याचे 'पॅकेज' किती, हे लग्नाच्या बैठकीत विचारणारे आपणच. शेजाऱ्याच्या दारातील मोटारीवरून त्याची प्रतिष्ठा ठरविणारेही आपणच. आणि प्रामाणिकपणे बोलावयाचे तर, वृत्तपत्रेही या दोषापासून मुक्त नाहीत. ज्या पानावर आम्ही संयमाचा उपदेश करतो, त्याचा कागद सणासुदीच्या जाहिरातींच्या उत्पन्नातून येतो.

तथापि उपाय नाहीत असे नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली मोबाइलवरून दिल्या जाणाऱ्या कर्जांसाठी नियम केले आणि कर्जाचा एकूण वार्षिक खर्च ग्राहकास आधीच सांगणे बंधनकारक केले. तो कागद वाचावा कसा, हे दहावीच्या वर्गात शिकविण्यास काय हरकत आहे? चक्रवाढ व्याजाचे गणित मुले सोडवितात. तेच गणित आपल्या खिशात चालू आहे, हे मात्र त्यांना कोणी दाखवीत नाही. त्याहून मोठे काम घरांचे आहे. आईबापांनी घरातील जमाखर्च मुलांसमोर उघडपणे मांडावा. आपल्या गोमंतकात पावसाळ्यापूर्वी पुरुमेंताची खरेदी होते. चार महिन्यांना काय व किती लागेल, याचा हिशेब साऱ्या घराने मिळून केलेला असतो. पर्वरीच्या मॉलमध्ये जाण्यास आमची ना नाही. जाताना तो पुरुमेंताचा हिशेब बरोबर असावा, इतकेच.

निघण्याच्या आदल्या रात्री त्या घरी घडलेला प्रसंग सांगून हे विवेचन संपवितो. आजोबांनी गिरणीच्या पगारातून पोस्टात ठेवलेली लहानशी रक्कम आजींच्या नावे आहे. नातवाची ओढाताण पाहून आजी म्हणाल्या, "ते पैसे काढ आणि तुझे हप्ते फेडून टाक." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नको आजी. ते आजोबांनी विणून मिळवलेत. माझे हप्ते मीच फेडीन. मात्र हे फिटल्यावर नवा काढणार नाही." आजींनी पासबुक पुन्हा कपाटात ठेवले. आपण मोठे केव्हा झालो, या प्रश्नाचे दुसरे उत्तर त्या मुलाने त्या रात्री नकळत दिले, असे आम्हांस वाटते.