सोमनाथ आणि जमिनीखालचा गाभारा

सोलापुरासारख्या गांवांतून दिवाळीच्या अथवा उन्हाळ्याच्या सुटींत सौराष्ट्राच्या यात्रेस जाणारीं सुशिक्षित कुटुंबें आतां थोडीं नाहींत. द्वारका, सोमनाथ, गीरचें अरण्य, असा त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. परत आल्यावर ही मंडळी सोमनाथाविषयीं जें सांगते तें जवळजवळ एकाच सांच्यांतलें असतें: गझनीच्या महमुदानें देऊळ फोडलें, पुढें तेथें कांहींच उरलें नाहीं, आणि स्वराज्य आल्यावर सरदार पटेलांनीं तें पुन्हां उभें करविलें. ही कथा खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ती अपुरी आहे; आणि अपुरी कथा पुष्कळदां खोट्या कथेपेक्षां अधिक फसविते, कारण तिच्यावर कोणी शंका घेत नाहीं.

प्रभासपाटणास समुद्राच्या अगदीं कांठावर जें भव्य मंदिर आज दिसतें, त्याच्यापासून कांहीं पावलांवर एक लहान देऊळ आहे. लोक त्यास जुना सोमनाथ म्हणतात. इ. स. १७८३ मध्यें अहिल्याबाई होळकरांनीं तें बांधविलें. वेळ उरला तर पाहावयाचें, नाहीं तर गाडींतूनच नमस्कार करावयाचा, एवढीच त्याची योग्यता आमच्या पुष्कळ यात्रेकरूंनीं ठरवून ठेविली आहे. यांत व्यवस्थापकांस बोल लावण्याचें कारण नाहीं. २०२१ सालीं त्या देवळाचें आवार नव्यानें बांधून सुरेख करण्यांत आलें. दगडांची निगा नीट चालली आहे. अर्थाची निगा मात्र कोणीच राखीत नाहीं, आणि म्हणून हा लेखनप्रपंच.

अहिल्याबाईंनीं तेथें काय केलें, याचा थोडा विचार करावा. मूळ स्थानीं भग्नावशेष उभे होते. दोन शतकांपासून त्या मुलखानें अस्थैर्य पाहिलें होतें, आणि औरंगजेबाचा हुकूम लोकांच्या आठवणींतून गेला नव्हता. अशा स्थितींत बाईंनीं मूळ जागेचा हट्ट धरिला नाहीं. भग्न मंदिरापासून थोड्या अंतरावर त्यांनीं बेताचें देऊळ बांधिलें, आणि पूजेचें मुख्य लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यांत स्थापिलें. पुन्हां हल्ला झाला तरी पूजा खंडित होऊं नये, हा त्यांतील हेतु सांगितला जातो. ज्या राज्यकर्तीच्या पदरीं फौज होती तिनें कीर्तीपेक्षां नित्यपूजेची काळजी अधिक वाहिली. शिखर किती उंच असावें, हा प्रश्न तिला पडला नाहीं. उद्यां सकाळीं देवावर पाणी कोण घालील, हा पडला. १७८३ पासून १९५१ पर्यंत १६८ वर्षें सोमनाथाच्या भक्तास दर्शनाचें ठिकाण होतें तें हेंच. आमच्या प्रचलित कथेंत हीं १६८ वर्षें कोरीं आहेत.

कोरीं पानें आणखीहि आहेत. महमुदाची स्वारी इ. स. १०२६ ची. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनीं, १०३८ मध्यें, गोव्याच्या कदंब राजानें सोमनाथाची यात्रा केल्याचा उल्लेख सांपडतो. म्हणजे आमच्याच कोंकणपट्टीचा एक राजा त्या ‘उद्ध्वस्त’ देवाच्या दर्शनास गेला होता! ११६९ च्या लेखावरून कुमारपाल राजाच्या काळांत देवळाचा जीर्णोद्धार झाल्याचें कळतें. १२६४ मध्यें होर्मुझच्या एका मुसलमान जहाजमालकानें याच गांवीं जमीन विकत घेऊन मशीद बांधली. तो व्यवहार संस्कृत व अरबी अशा दोन्ही भाषांत शिलेवर कोरला गेला, आणि त्यास गांवच्या प्रतिष्ठितांची व पाशुपत आचार्यांची संमति होती. १२९९ मध्यें अलाउद्दीन खिलजीच्या सैन्यानें देऊळ पुन्हां फोडलें, हेंहि तितकेंच खरें. हा सगळा इतिहास एका वाक्यांत मावत नाहीं, आणि तो एका वाक्यांत कोंबणें म्हणजे ज्यांनीं पुनःपुन्हां दिवा लाविला त्यांच्यावर अन्याय करणें होय.

शतकानुशतकांच्या अपमानाचा सूड, या भाषेचा एक गाजलेला उच्चार कोणी केला, हेंहि आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. तो केला लॉर्ड एलेनबरो या इंग्रज गव्हर्नर-जनरलनें. १८४२ सालीं त्यानें महमुदाच्या कबरीचे दरवाजे गझनीहून आणविले, ते सोमनाथाचेच चंदनी दरवाजे होत असें जाहीर केलें, आणि आठशें वर्षांच्या अपमानाचें परिमार्जन झाल्याची ग्वाही हिंदी लोकांस दिली. पुढें पाहतां लांकूड देवदाराचें निघालें, आणि कारागिरीचा गुजराथेशीं कांहीं संबंध दिसेना. मेकॉलेनें १८४३ सालीं पार्लमेंटांत त्याची यथेच्छ टर उडविली. ते दरवाजे आग्र्याच्या किल्ल्यांत पडून राहिले. सोमनाथास कधीं पोहोंचलेच नाहींत. परक्या सत्ताधीशाला सोमनाथ हवा होता तो मिरविण्यापुरता. अहिल्याबाईंनीं त्याच्या साठ वर्षें आधीं, कसलाहि जाहीरनामा न काढतां, खरेंखुरें देऊळ बांधून दिलें होतें. या दोहोंपैकीं कोणाचा वारसा आम्ही चालवीत आहों?

यावर दोन बाजूंनीं आक्षेप येतील. एक पक्ष म्हणेल कीं, तुम्हांस १०२६ विसरावयास लावावयाचें आहे, आणि नव्या मंदिराचें महत्त्व कमी करावयाचें आहे. तसें मुळींच नाहीं. झालेला विध्वंस पुसणें हें इतिहासाशीं बेइमानी करणें होय. नव्या मंदिराविषयींहि आमच्या मनांत आदरच आहे. नोव्हेंबर १९४७ मध्यें वल्लभभाईंनीं संकल्प सोडला. खर्च सरकारी तिजोरींतून न होतां लोकांच्या वर्गणींतून व्हावा, ही गांधीजींची सूचना मानली गेली. ११ मे १९५१ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसादांच्या हस्तें प्रतिष्ठा झाली. पंडित नेहरूंस राष्ट्रपतींचें तेथें जाणें रुचलें नव्हतें, आणि तो वाद दोन्ही बाजूंस शोभेल अशा गांभीर्यानें झाला. परंतु तें मंदिर उभें राहिलें तेव्हां त्यामागें अखंड चालत आलेली भक्ति होती. ती ज्या ठिकाणीं जिवंत राहिली त्या ठिकाणाकडे पाठ फिरवून नव्या शिखराचा अभिमान वाहणें म्हणजे आजीस ओळख न देतां नातवाचें कौतुक करणें होय.

दुसरा पक्ष आमच्याच सुशिक्षितांपैकीं. तो म्हणतो, ‘देवळाचा हा खटाटोप हवा कशाला? समुद्र पाहावा, फोटो काढावे, परत यावें.’ या गृहस्थांस आम्ही इतकेंच विचारतों कीं, केवळ समुद्रच पाहावयाचा तर तो मुंबईस काय थोडा आहे? देवावर श्रद्धा असणें-नसणें हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण हजार वर्षें माणसें एका जागीं पुनःपुन्हां कां येत राहिलीं, हें समजून घेण्याची इच्छाच नसणें यास बुद्धिवाद म्हणत नाहींत. त्यास आळस म्हणतात.

सोलापूरकरांस तर या बाबतींत कोणतीच सबब नाहीं. अहिल्याबाईंचें चौंडी आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत. पंढरपुरास चंद्रभागेच्या कांठीं होळकर वाडा उभा आहे. २०१९ पासून सोलापूरच्या विद्यापीठानें पुण्यश्लोक अहिल्यादेवींचें नांव धारण केलें आहे. ज्या गांवच्या पदवीपत्रांवर तें नांव छापलेलें असतें, त्या गांवच्या पदवीधरांनीं त्यांच्या देवळावरून न पाहतां जावें, हें चमत्कारिक नव्हे काय? शिवाय बाराव्या शतकांत सिद्धरामेश्वरांनीं या नगरींत अडुसष्ट लिंगें स्थापिलीं, आणि तळेंहि खोदविलें. देवाची भक्ति आणि लोकांच्या पाण्याची सोय हीं एकाच हातानें व्हावयाचीं असतात, हा धडा आम्हांस घरच्या तळ्यानें कधींच दिला आहे. आपल्या खासगी उत्पन्नांतून घाट, विहिरी व धर्मशाळा बांधणाऱ्या अहिल्याबाई सोलापुरास परक्या वाटण्याचें कारणच नाहीं.

म्हणून आमची मागणी लहानशीच आहे. सोमनाथास जाणाऱ्या कुटुंबानें प्रथम जुन्या देवळांत जावें, मुलांस घेऊन त्या जमिनीखालच्या गाभाऱ्यांत उतरावें, आणि मग नव्या मंदिरांत जाऊन समुद्रासमोर उभें राहावें. मुलें विचारतील, देव खालीं कां ठेविला? त्या प्रश्नास नीट उत्तर देतां यावें एवढा अभ्यास आईबापांनीं घरूनच करून निघावें. तें उत्तर देतांना महमुदाचें नांव येईलच. पण तें एकदां येईल, आणि दिवा लावणाऱ्यांचीं नांवें अनेकदां येतील. इतिहासाचें खरें प्रमाणहि तेंच आहे.