मगरिब ते ईशा, एक पट

पावसाळा लागला की चंद्रपूर-गडचिरोलीत संध्याकाळ लवकर संपते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. ताडोबाच्या आजूबाजूच्या गावांत अंधार पडल्यावर लेकरांना बाहेर सोडायची सोय नाही. वाघ आता जंगलापुरता राहिलेला नाही, हे सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीच्या लोकांना वेगळे सांगायला नको. उन्हाळ्यात चंद्रपूरचे ऊन असे की दुपारी उंबऱ्याबाहेर पाय ठेववत नाही. म्हणजे वर्षातले कितीतरी तास घरातली सगळी माणसे एका छपराखाली असतात. पण एकमेकांबरोबर असतात का? अब्बांच्या हातात एक मोबाइल, मोठ्याच्या हातात दुसरा, धाकट्याने अम्मीचा पळवलेला. दादी तेवढी तसबीह घेऊन सगळ्यांकडे बघत बसलेली.

म्हणून या महिन्यात, पट मांडून घरात बसल्या बसल्या खेळायच्या खेळांविषयी. पण खेळ कोणता, याच्या आधी बऱ्याच घरांत दुसराच प्रश्न येतो: हे खेळावे की नाही?

घरच्या माणसांबरोबर हसण्या-खेळण्याला आपल्या दीनमध्ये जागा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली, एकदा त्या पुढे गेल्या, काही काळाने प्रेषित (स.) पुढे गेले आणि त्यांनी मागच्या शर्यतीची गमतीने आठवण करून दिली, ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. दुसरीकडे, सूरह मायदामध्ये दारूबरोबर जुगार हराम ठरवला आहे, आणि लगेच पुढच्या आयतीत त्याचे कारणही आले आहे. सैतान यातून माणसांत वैर पेरतो आणि अल्लाहच्या स्मरणापासून, नमाजपासून त्यांना अडवतो. हे कारण घरातल्या खेळालाही लावून पाहण्यासारखे आहे. खेळून उठताना कोणाच्या मनात अढी राहते का? अजान झाल्यावर पट उचलला जातो की नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे नीट आली, तर पुढचे सोपे आहे.

फाशांची गोष्ट निराळी. नर्द या फाशांच्या इराणी खेळाविषयी सहीह मुस्लिममध्ये फार कडक हदीस आहे. त्यामुळे अनेक उलेमा फासे टाकून खेळायचे सगळेच खेळ टाळायला सांगतात, मग त्यात पैसा असो वा नसो. म्हणून सुरुवात बिनफाशांच्या खेळांनी करू.

त्यात पहिला मान वाघबकरीचा. वाघांच्या जिल्ह्यात राहून हा खेळ लेकरांना येत नसेल तर नवलच. याला एक पैसा लागत नाही. फरशीवर खडूने किंवा अंगणात कोळशाने एक चौकोन काढा. त्यात पाच आडव्या आणि पाच उभ्या रेघा येतील असे पाहा. रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या पंचवीस जागा. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या रेघा ओढा, आणि चारही बाजूंचे मध्य जोडून आत एक तिरपा चौकोन काढा. पट तयार. चार मोठे खडे म्हणजे वाघ, ते चार कोपऱ्यांवर. वीस चिंचोके म्हणजे बकऱ्या, त्या हातात.

पहिली चाल बकरीची. बकरीवाला दर खेपेला एक बकरी रिकाम्या जागेवर ठेवतो, वाघवाला एक वाघ रेघेवरून एक घर सरकवतो. विसाव्या बकरीपर्यंत पटावरची कोणतीही बकरी हलवता येत नाही. त्यानंतर तीही एक घर सरकू शकते. वाघाला बकरीवरून सरळ रेघेत पलीकडच्या रिकाम्या जागेवर उडी मारता आली की बकरी मेली. पाच बकऱ्या मारल्या की वाघ जिंकला. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या.

नवखा खेळाडू बकरी मध्यभागी एकटी ठेवतो आणि ती लगेच जाते. दोन-तीन डावांत त्याला कळते की आधी कडा धरायच्या, आणि प्रत्येक बकरीच्या पाठीशी दुसरी बकरी ठेवायची. मग वाघाला उडी टाकायला जागाच मिळत नाही. तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बायांना, गुरे राखणाऱ्यांना वनखाते सांगते ते हेच, एकटे जाऊ नका. गावातल्या लेकराला ही चाल समजावून सांगावी लागत नाही. एक डाव वाघ, एक डाव बकरी अशी बाजू बदलत खेळा. तेलुगू मुलखात हाच खेळ पुली-मेका होतो, पुली म्हणजे वाघ, मेका म्हणजे बकरी. तिथे त्रिकोणी पटावर तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असतात. सिरोंचाकडे कोणी पाहुणे असतील तर त्यांच्याकडून तोही शिकून घ्या.

दुसरा खेळ कॅरम. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या सोंगट्या आणि एक लाल राणी. चार जण बसतात, बाकीचे भोवती उभे राहून सल्ले देतात, त्यामुळे सगळे घर गुंतते. आपल्या मोहल्ल्यांत कॅरम आहेच, पण तो बहुतेक मुलांचा, नाक्यावरचा, रात्री उशिरापर्यंत चालणारा, आणि काही ठिकाणी गेमला पैसे लावून. तोच बोर्ड घरात आला तर बहिणीही खेळतील. चेन्नईच्या एका रिक्षाचालकाची मुलगी एम. काझिमा हिने २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदके मिळवली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आपल्या घरातली मुलगी पदक आणेल म्हणून नव्हे, पण स्ट्रायकर तिच्याही हातात द्यावा एवढे तरी यातून घ्यावे.

तिसरे बुद्धिबळ. हा खेळ हिंदुस्थानातून इराणमार्गे अरबांकडे गेला, आणि अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये अल-अदली, अस-सूली असे नामांकित खेळाडू झाले. मराठीत आपण वजीर, प्यादे, शह, मात म्हणतो ते सगळे शब्द त्याच प्रवासातले. उलेमांत याविषयी मतभेद आहेत. हनफी मताचा कल मनाईकडे, तर इमाम शाफई यांच्याकडे अटींसह सवलत आहे: जुगार नको, नमाज चुकायला नको, तोंडी शिवीगाळ नको. आपल्या घरात जे मत पाळले जाते ते पाळावे, आणि शंका असेल तर मस्जिदीतल्या आलिमांना विचारावे. ज्या घरांत हा खेळ चालतो, तिथे लेकरांना नागपूरच्या दिव्या देशमुखचे नाव जरूर सांगा. जुलै २०२५ मध्ये एकोणीस वर्षांच्या या मुलीने जॉर्जियातल्या बातुमी इथे कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. आपल्याच विदर्भाची लेक.

आता लुडो. पचीसीचा हा वंशज. अकबर बादशहाच्या फतेहपूर सिक्रीत अंगणाच्या फरशीवर काढलेला पचीसीचा मोठा पट आजही दिसतो. इंग्रजांनी तो खेळ आटोपशीर केला, १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि लुडो होऊन तो आपल्याकडे परत आला. लॉकडाऊनमध्ये तो मोबाइलमध्ये शिरला, आणि तिथे त्याला पैसे लावायची सोय झाली. पाच-दहा रुपयांपासून सुरुवात, समोर कोण बसले आहे ते दिसत नाही, हरलेले परत मिळवायला पुढचा डाव. पूर्वी जुगार खेळायला अड्ड्यावर जावे लागे, चार लोक बघत. आता तरणा पोरगा पांघरुणात बसून पगार घालवतो आणि घराला पत्ता लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यासाठीच्या बँक व्यवहारांवर बंदी घातली. खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा वाद त्यात ठेवलेला नाही. पण कायदा अ‍ॅप बंद करील, सवय करणार नाही. हरलेल्या मुलावर ओरडून तो अधिकच लपवेल. त्याला जवळ बसवा, कर्ज झाले असेल तर आकडा विचारा, आणि थोडे दिवस पैशांचा व्यवहार घरातल्या मोठ्यांच्या नजरेखाली ठेवा.

आणि घरच्या पटावरही पैज नको. हरणाऱ्याने सगळ्यांना समोसे आणायचे, ही गंमत वाटते, पण लेकराला वळण तेच लागते. समोसे आणायचेच असतील तर अब्बांनी सगळ्यांसाठी आणावेत, हरला-जिंकला न बघता.

वेळ ठरवणे आपल्याला सोपे आहे. आठवड्यातून दोन दिवस, मगरिबची नमाज झाली की मोबाइल एका टोपलीत आणि पट मधोमध. ईशाची अजान झाली की डाव असेल तिथे थांबवायचा, कोणी कितीही जिंकत असो. पट जिंकणाऱ्याने आवरायचा. आणि पहिल्या दिवशी वाघ दादीला द्या. तिने हा खेळ लहानपणी कुठल्या ओट्यावर खेळला होता, ते तिला विचारा.